आक्कानं गिळलेला कान

माझ्या थोरल्या बहिणीनं माझा उजवा कान गिळला, तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि दवाखान्यात फारशी गर्दी नव्हती.

गर्दी नव्हती हे एका परीनं बरंच झालं. साक्षीदार दोनच. एक मी, म्हणजे ज्याचा कान तो. आणि दुसरा काशिनाथ, माझा कंपाउंडर. गिळणाऱ्या व्यक्तीला साक्षीदार म्हणायचं की आरोपी, यावर आमच्या घरात वाद नाही. आक्काच्या मते आरोपी मी आहे. बायकोच्या मतेही मीच. मुलगी पुण्याहून फोन करून तेच सांगते.

पण आधी कान सुटा कसा झाला, ते सांगायला हवं.

मी डॉक्टर. मुरुमच्या पेठेत बेचाळीस वर्षं माझा दवाखाना आहे. गोवर, गालफुगी, विंचू, मळणीयंत्रात सापडलेली बोटं, लग्नाच्या जेवणातून झालेले जुलाब, सगळं या दोन खोल्यांत पाहिलं. एकाहत्तरी आली तरी हात थरथरत नव्हता. सुईला शीर पहिल्या झटक्यात सापडायची. फक्त ऐकायला जरासं (जरासंच हं!) कमी आलं होतं.

डॉक्टराला म्हातारपण येतं ते इतरांसारखं समोरून येत नाही. ते हळूच दवाखान्यात शिरतं आणि डॉक्टर त्याला पेशंट समजून बाकावर बसायला सांगतो. माझं म्हातारपण चांगली चार-पाच वर्षं असं बाकावर बसून होतं. मग करोना आला, सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि त्याच दिवशी मी ठार बहिरा झालो! तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी कानांनी ऐकतच नव्हतो. माणसांचे ओठ बघून ऐकत होतो.

पण कबूल कोण करणार? मी उपाय काढले. हाताला पट्टा गुंडाळला की आपोआप आकडा दाखवणारं रक्तदाबाचं यंत्र आणलं. (लोक म्हणाले, डॉक्टर मॉडर्न झाले.) खुर्ची पेशंटच्या जवळ ओढली. (लोक म्हणाले, डॉक्टर मायाळू झाले.) आणि काशिनाथला पेशंटच्या मागं उभं केलं. पेशंटनं पोट म्हटलं की काशिनाथ पोटावर हात फिरवायचा, चक्कर म्हटली की स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. काशिनाथही आता साठीचा, त्याची नजर अधू. तो मला ऐकून सांगायचा, मी त्याला बाटलीवरचं नाव वाचून दाखवायचो. दोघांत मिळून एक धडधाकट डॉक्टर तयार होत होता. पण एक जण चहाला गेला की दवाखाना बंद पडायचा.

आणि एकदा काशिनाथ चहाला गेला.

समोर एक शेतकरीण बाई बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, सून आलीय."

मी ऐकलं, सूज आलीय.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं झाली की."

"दोन वर्षं? आणि आत्ता दाखवताय? दुखते का?"

"तिला काय दुखतंय? दुखतंय ते आमाला!"

"कमी-जास्त होते का?"

"व्हय. म्हायेरी गेली की चार दिस बरं असतंय."

मी गंभीरपणे मान हलवली. "सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यानं शेका. आठ दिवसांत उतरली नाही तर सुई टोचून पाणी काढू."

बाई बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग उठली आणि बाहेर बसलेल्या, तीन दिवस तापानं फणफणलेल्या सुनेला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेली. जाताना काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काशिनाथनं चहाच्या टपरीवर ऐकलं, पण त्यानं मला सांगायला नकार दिला.

यावर मी स्वतःच खूप हसलो. घरी जेवताना सांगून सुमनलाही, म्हणजे माझ्या बायकोलाही हसवलं. ती तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. हसून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, आता पुरे करा की. मी नाही का निवृत्त झाले? काही मेले का मी?"

"शाळेचं वेगळं," मी म्हणालो.

"काय वेगळं?"

"तुमच्या शाळेत घंटा होते. मग घरी जायचं हे कळतं."

"तुम्हाला घंटा झाली तरी ऐकू येणार आहे का?" ती म्हणाली. तेवढं मात्र नेमकं ऐकू आलं.

हसू थांबलं ते पुढच्या महिन्यात. एक आई तिचं दीड वर्षाचं पोर घेऊन आली. मी स्टेथोस्कोप लावला. छातीत एकदम शांत. "छाती साफ आहे," मी म्हणालो. आईनं पोराला छातीशी घेतलं, माझ्याकडं पाहिलं आणि घाबरत घाबरत म्हणाली, "डॉक्टर, तुमी मोठे हायत. पण घरघर मला हितनं ऐकू यायलीय."

मी पुन्हा नळी लावली. काहीच नाही. मग मी तळहात त्या एवढ्याशा पाठीवर ठेवला, तेव्हा ती घरघर माझ्या हाताला लागली. पोर बरं झालं. मी त्याच क्षणी त्याला उमरग्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं म्हणून. पण त्या दिवशी दुपारचं जेवण मला गेलं नाही. सुमननं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पित्त.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूर गाठलं. घरी सांगितलं, कॉलेजच्या मित्राला भेटायला चाललोय. तिथं एका दुकानात एका मुलीनं माझ्या कानांची परीक्षा घेतली (मी नापास झालो) आणि दोन यंत्रं दिली. अगदी कानाच्या आत बसणारी, गव्हाळ रंगाची, शेंगदाण्याएवढी. बाहेरून कुणाला दिसणार नाहीत अशीच मी मागितली होती. "आजोबा, यात लाजायचं काय?" ती म्हणाली. मी म्हणालो, "मी डॉक्टर आहे." ती म्हणाली, "मग तर अजिबातच लाजायला नको." मला तो मुद्दा पटला नाही.

परतीच्या एसटीत मला जगाचा आवाज आला! खिडकीची काच, मागच्या बाईच्या बांगड्या, कंडक्टरचं पुटपुटणं. घरी आलो तर आणखीच नवल. सुमन बोलत होती! ती भाजी निवडताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, माझ्या खुर्चीमागून जाताना बोलायची. वर्षानुवर्षं ती माझ्याशी बोलत असणार, आणि उत्तर येत नाही म्हणून तिनं ते पुटपुटण्यावर आणलं असणार. त्यातलं निम्मं माझ्याबद्दल होतं. त्यातलं एकही चांगलं नव्हतं!

आणि मला उत्तर देता येईना. उत्तर दिलं तर यंत्रं कळणार. एकदा ती अंगणात तुळशीला पाणी घालत होती. स्वतःशीच म्हणाली, "उद्या मी पडले नि हाक मारली, तरी यांना कळायचं नाही." मी दोन हातांवर बसलो होतो. मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

असे तीन आठवडे गेले.

दवाखान्यात मात्र एक अडचण होती. यंत्रं कानात असताना स्टेथोस्कोप घालता येत नाही. म्हणजे प्रत्येक पेशंटला तपासताना पाठ फिरवायची, दोन्ही यंत्रं काढायची, टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत ठेवायची, तपासायचं, पुन्हा पाठ फिरवायची, पुन्हा घालायची. स्टेथोस्कोपचा आवाज मोठा करणारा नवा प्रकारही मी सोलापुरातच घेतला होता. त्यामुळं छाती उत्तम ऐकू यायची. छातीवरचं तोंड काय बोलतंय, तेवढं सोडून.

आता आक्का. माझी थोरली बहीण. वय ऐंशी. दिलं आळंद भागात, कानडी मुलखात, पण नवरा गेल्यावर मुरुमलाच घर करून राहिली. मला ती अजून 'तम्मा' म्हणते. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, पण शस्त्रक्रियेला तयार नाही. दर महिन्याला माझ्याकडं तपासायला येते आणि तिचा एक नेम आहे. तपासल्यावर तिथल्या तिथं एक गोळी गिळायची. गोळी गिळल्याशिवाय तपासणी झाली असं ती मानत नाही. म्हणून मी तिला एक कॅल्शियमची गोळी देतो. त्याच स्टीलच्या वाटीत काढून ठेवतो.

त्या दिवशी गोळी काढून ठेवायची राहिली. वाटीत दुसरंच काहीतरी होतं.

मी आक्काच्या मागं उभा राहून तिच्या पाठीला नळी लावली. माझ्या कानांत तिचं हृदय दणादण वाजत होतं, बाकी जग बंद. पुढचं संभाषण मला नंतर काशिनाथनं सांगितलं. तो पलीकडं आडोशाला पुड्या बांधत होता.

आक्का म्हणाली, "तम्मा, वाटीत ठिवलीस ती गोळी का रं?"

मी म्हणालो, "हं. घे."

"दोन हायत की."

"एकदाच घे. मोठा."

"येकच व्हय? बरं. पाण्यासंगं घिऊ का कोरडी?"

"तोंडानं घे. तोंडानं!"

"मग काय नाकानं घीन का?" आक्का म्हणाली आणि तिनं यंत्र तोंडात टाकलं. ही यंत्रं कानाबाहेर, चिमटीत किंवा मुठीत दाबली गेली की शिट्टी वाजवतात. तोंडात गेल्यावर तर त्यानं कुंई केलं.

"अय्यो! शिट्टी मारती की रं ही!"

"छान," मी म्हणालो. "आता रोखून धर."

आक्कानं रोखून धरलं.

"सोड."

आक्कानं तांब्या तोंडाला लावला. स्टेथोस्कोपमधून मला एक मोठा गुडूप असा आवाज आला आणि काहीतरी सावकाश खाली गेलं. माझाच कान खाली जाताना मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकला! आणि माझं निदान काय? मी नळी काढून म्हणालो, "आक्का, तुला गॅस झालाय."

मग पाठ फिरवून मी वाटी घेतली. वाटीत एकच.

डावं यंत्र घातलं आणि टेबलाखाली वाकलो. काशिनाथ आला.

"काय हुडकताय साहेब?"

"बटण."

"कसलं बटण?"

"सदऱ्याचं."

"सदऱ्याची समदी हायत की. मोजू का?"

काशिनाथला कुठली बटणं दिसणार? पण तोही गुडघ्यावर आला. साठीचा एक आणि सत्तरीचा एक, असे आम्ही दोघं टेबलाखाली हात फिरवत होतो. वरून आक्काचा आवाज आला, "तम्मा, ह्या महिन्याची गोळी काय बरी न्हाय बग. लई जाड. अन् वाजती!"

मी टेबलाखाली तसाच थांबलो.

खरं सांगतो. एक मिनिटभर मी डॉक्टर नव्हतो. मनात आलं, गप्प बसावं. दोन केळी खायला घालून आक्काला घरी पाठवावं, उजवं यंत्र सोलापूरहून दुसरं आणावं, कुणाला काही कळायचं नाही. मग आठवलं, त्या यंत्रात एक छोटी गोल बॅटरी असते आणि ती घशाखाली अन्ननलिकेत अडकली तर दोन-तीन तासांत आत भाजल्यासारखी जखम होते. हे मी पेठेतल्या प्रत्येक आईला सांगत आलोय. खेळण्यातलं बटण पोरानं गिळलं तर घड्याळ बघू नका, गाडी बघा.

मी टेबलाखालून बाहेर आलो. उठताना डोकं आपटलं.

"आक्का, ती गोळी नव्हती. तू माझा कान गिळलास."

आक्कानं चांगल्या डोळ्यानं माझा एक कान बघितला, मान वळवून दुसरा बघितला. "दोनी तितंच हायत की."

मी डावं यंत्र काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते उन्हात धरून पाहिलं. आता मी तिचे ओठ बघून ऐकत होतो. "तुला ऐकू येत न्हाय, तम्मा?"

"कमी येतं."

"कदीपास्नं?"

"सात वर्षं झाली."

"मग सांगायचं न्हाय व्हय? मी दर महिन्याला तुला पोटातलं समदं सांगती. ते कुनाला सांगत हुते मी? भितीला?"

मी म्हणालो, "छातीत दुखतंय का? गिळताना काही टोचलं का?" ती म्हणाली, "छातीत न्हाय. मनात टोचलंय. चल, कुठं न्यायचं तितं ने."

सुमनला बोलावून सगळं सांगितलं आणि गाडी तिनं चालवली. आक्का मागं, मी पुढं डाव्या बाजूला. उजवा कान रिकामा आणि त्या बाजूला बायको. एरवी मी याला सोय म्हटलं असतं! मुरुम सुटल्यावर तिनं आरशातून आक्काकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

"बरंचसं."

"मी भांडी आवरताना बोलले ते?"

"कुठलं? 'हाडं झिजली पण हेका झिजला नाही', ते?"

मागून आक्का हसली. सुमननं गिअर बदलला. थोड्या वेळानं, रस्त्याकडंच बघत, तिनं हळूच विचारलं, "आणि अंगणातलं?"

"तेही."

नंतर उमरगा येईपर्यंत तिनं रस्त्यावरून नजर काढली नाही. मी तिच्याकडं तोंड करून बसून राहिलो. ती बोललीच तर ओठ दिसावेत म्हणून.

उमरग्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती. डॉक्टर तबस्सुम. तिनं मला ओळखलं नाही, ओळखण्याचं कारणही नव्हतं. आक्काला तिनं लगेच एक्स-रेला नेलं आणि मला वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "बाबा, तुम्ही, इथं, बसा. घाबरू नका." बेचाळीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांशी असाच बोलत आलो होतो. ऐकायला किती वाईट लागतं, ते पहिल्यांदा कळलं. आणि ऐकू मात्र उत्तम आलं.

फोटो आला. आक्काच्या पोटात माझं यंत्र अगदी ठळक दिसत होतं, बॅटरीसकट. "अन्ननलिका पार करून पोटात उतरलंय," डॉक्टर तबस्सुम म्हणाली. "हे चांगलं झालं. आत्ता त्रास काही नाही. उद्या पुन्हा फोटो काढू. पुढं सरकलं असेल तर आपोआप जाईल, नाहीतर दुर्बिणीनं काढू. पण आजी, हे तुम्ही गिळलं कसं?"

"डॉक्टरनं घे म्हटलं, म्हणून घेतलं," आक्का म्हणाली.

"डॉक्टरांनी? कुठल्या?"

सुमननं छताकडं पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागलो.

"वय काय असेल त्यांचं?"

"सत्तरीच्या फुडं हाय," आक्का म्हणाली.

"मग त्यांना कुणीतरी आता थांबवायला पाहिजे ना, आजी!"

आक्का एकदम ताठ बसली. "असं बोलू नगंस, बाई. तो लई चांगला डॉक्टर हाय. माझ्या नवऱ्याला दोन डाव मरणातनं वडून काढलंय त्यानं. त्याला फकस्त ऐकू येत न्हाय, बाकी काय सुदिक कमी न्हाय!"

माझी इतकी जोरदार बाजू आजवर कुणी घेतली नव्हती आणि माझं इतकं वाटोळंही कुणी केलं नव्हतं. मी तक्त्यापासून वळलो आणि म्हणालो, "तो मीच."

डॉक्टर तबस्सुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सर, माफ करा, मला..."

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही बरोबर बोललात. आणि दोनदा ऐकायला लागलं नाही, एवढं स्पष्ट बोललात."

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत कान पुढं सरकला होता. आक्का आमच्याकडंच राहिली आणि मुरुमभर बातमी पोचली. लोक समाचाराला येऊ लागले. कुणी नारळ आणला, कुणी केळी. एका वयस्कर गृहस्थानं आक्काच्या पोटाशी वाकून, "डॉक्टरसाहेब, ऐकू यायलंय का?" असं विचारलं. आक्का खुशीत होती. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी काही न करता बसायला सांगितलं होतं. पुण्याहून मेघाचा, म्हणजे मुलीचा फोन आला. ती स्वतः डॉक्टर आहे. ती आधी अर्धा तास रागावली, मग दहा मिनिटं रडली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, मला सांगायचं ना. मी काय केलं असतं?" मी म्हणालो, "निवृत्त हो म्हणाली असतीस." "हो," ती म्हणाली. "तेच तर."

तिसऱ्या दिवशी सकाळी कान सुखरूप बाहेर आला. आक्कानं तो स्वतः साबणानं तीनदा धुतला, कोमट पाण्यातून काढला, स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं धरला.

"घे. घाल."

"आक्का, आता तो चालायचा नाही."

"का? माझ्या पोटात तीन दिस हुता, काय भट्टीत न्हवता! घालून तरी बग."

मी घातला नाही. ती यावर अजून नाराज आहे. तिच्या मते मी माजलोय.

त्या दुपारी मी सुमनला म्हणालो, "चल, अंगणात बसू. काय बोलायचंय ते मोठ्यानं बोल." ती म्हणाली, "मोठ्यानं बोलायचं तर शेजाऱ्यांना कळेल." "कळू दे." मग आम्ही बोललो. बरंचसं ती बोलली. सात वर्षांचं साठलेलं होतं, वेळ लागला. शेवटी मी म्हणालो की मला दवाखान्याची भीती नाही वाटत, दवाखाना नसलेल्या सकाळची वाटते. नऊ वाजता मी करायचं काय? ती म्हणाली, "चहा. माझ्याबरोबर. तुम्ही बेचाळीस वर्षांत एकदा तरी नऊ वाजता घरी चहा प्यायलात का?"

मी डॉक्टर तबस्सुमला फोन केला. तिच्या मनात स्वतःचा दवाखाना टाकायचं होतंच. आधी ती आठवड्यातून दोन दिवस येऊ लागली. लहान मुलांच्या छात्या तिच्याकडं, म्हाताऱ्यांच्या गप्पा माझ्याकडं, अशी वाटणी झाली. मी कानामागं लटकणारी, लांबून दिसणारी, चांगली ठसठशीत यंत्रं घेतली आणि दारावर पाटी लावली: डॉक्टरांना कमी ऐकू येतं. चार महिने मी तिला माणसं शिकवली. औषधं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. पण हा माणूस 'गोड खात नाही' म्हणतो आणि याचं दुकानच पेढ्याचं आहे. ही बाई डोकं दुखतंय म्हणून येते तेव्हा डोकं दुखत नसतं, मुलाचा फोन आलेला नसतो, तिला नुसतं बसवून घ्यायचं. हे पुस्तकात नव्हतं. ती वहीत लिहून घ्यायची. ते बघताना मला आतून बरं वाटायचं. थोडं दुखायचंही. पण शेकण्यासारखं काही नव्हतं.

मग तो दिवस आला. माझा शेवटचा, तिचा एकटीचा पहिला. सकाळी जाऊन बघतो तर दवाखान्यापासून भुसाराच्या दुकानापर्यंत माणसंच माणसं! इतकी गर्दी मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. या दोन वर्षांत पेशंट कमी होत गेले होते, आणि माझ्या औषधांनी मुरुम निरोगी झालंय असं मी समजत होतो. आता हे सगळे मला निरोप द्यायला आलेले पाहून मी सदरा नीट केला. मी पायरीवर उभा राहिलो. चार शब्द बोलायचं ठरवून आलोच होतो.

"मंडळी," मी म्हणालो.

"साहेब," पुढचा एक जण म्हणाला, "जरा बाजूला सरता का? नंबर हितनं सुरू हाय."

मी बाजूला सरलो. हा माझा जुना पेशंट, अडतवाला, पंचवीस वर्षांचा संबंध.

"काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. माझं नवं यंत्र पाहिलं. मग कानाशी येऊन कुजबुजला, "मूळव्याध. दीड वर्स झालं."

"दीड वर्षं? अहो, मग माझ्याकडं का आला नाहीत?"

"साहेब, रागावू नका," तो म्हणाला, "पण तुमाला सांगायचं म्हंजी वरडून सांगावं लागायचं. गेल्या साली मी तुमाला बद्धकोष्ठ झालंय म्हणून सांगितलं. घरी पोचायच्या आत बायकोनं एरंडेल काढून ठिवलं हुतं. भुसाराच्या दुकानातनं तिला निरोप गेलता!"

मागची सगळी रांग मान हलवत होती. बायका पदराआड हसत होत्या. काशिनाथ आभाळाकडं बघत होता.

"म्हणजे हे सगळे...?"

"समदे. ज्याचा रोग वरडून सांगण्यासारखा न्हाय, तो ह्या रांगेत हाय."

दार उघडलं. डॉक्टर तबस्सुमनं त्याला आत घेतलं आणि दार लावलं. मी पायरीवर उभा होतो, दोन्ही यंत्रं कानात, आवाज पूर्ण वाढवलेला. आत तो बोलत होता, ती ऐकत होती, आणि बाहेर मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.

सात वर्षांत माझ्या दवाखान्यात रुग्णाची गोष्ट पहिल्यांदाच गुप्त राहिली होती, आणि त्यासाठी मला फक्त खुर्चीवरून उठावं लागलं होतं.